श्रेयांकांची शिदोरी

आर्थिक अडचणीमुळे पदवीचे शिक्षण मध्येच थांबले, तरी उत्तीर्ण विषयांचे श्रेयांक वाया जाऊ नयेत, या हेतूने विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२१ मध्ये श्रेयांक बँकेची तरतूद केली. तीन वर्षांच्या पदवीस साधारणतः १२० श्रेयांक लागतात. खात्यात जमा झालेले श्रेयांक सर्वसाधारणपणे सात वर्षांपर्यंत ग्राह्य राहतात व दुसऱ्या सहभागी संस्थेकडे वर्ग करता येतात. केंद्र शासनाच्या 'स्वयम्' मंचावरील अभ्यासक्रम विनामूल्य शिकता येतात. प्रमाणपत्रासाठी परीक्षा शुल्क भरून परीक्षा द्यावी लागते. मात्र कोणते श्रेयांक पदवीस धरावयाचे, हे विद्यापीठ ठरविते. म्हणून नाव नोंदविण्यापूर्वीच तशी लेखी खात्री करून घ्यावी. शिक्षण सोडून घरी बसलेल्या मुलामुलींपर्यंत शिक्षकांनी व पंचायत सदस्यांनी ही माहिती अवश्य पोहोचवावी.