बदल केला, पण कशासाठी?
(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)

अनेक जण मिळून एखादे सॉफ्टवेअर लिहितात, तेव्हा प्रत्येक बदलासोबत एक छोटे टिपण जोडतात. त्याला कमिट संदेश म्हणतात. काय बदलले ते संगणक दाखवतोच. का बदलले ते मात्र माणसालाच लिहावे लागते. ‘दुरुस्ती केली’, ‘थोडा बदल’ अशी टिपणे मी ढिगाने पाहिली आहेत. लिहिणारा नोकरी सोडून गेला, की त्यांचा अर्थही त्याच्याबरोबर जातो.

यावर उपाय म्हणजे सर्वांनी एकच नमुना पाळणे. लिनक्सचेच उदाहरण घ्या. लिनस टोरवाल्ड्स यांनी १९९१ मध्ये सुरू केलेल्या या प्रकल्पात आजवर जगभरच्या हजारो लोकांनी भर घातली आहे. तिथे पहिल्या ओळीत विभागाचे नाव आणि ७०-७५ अक्षरांत सारांश लिहायचा. मग एक ओळ कोरी. त्याखाली अडचण काय होती आणि ती कशी सोडवली, याचा खुलासा. शेवटी ‘साइन्ड-ऑफ-बाय’ या शब्दांपुढे पाठवणाऱ्याचे नाव. ही प्रथा २००४ मध्ये सुरू झाली. आदल्याच वर्षी एससीओ कंपनीने लिनक्समधील कोडच्या मालकीवरून आयबीएमवर दावा लावला होता. ‘हा कोड देण्याचा मला अधिकार आहे’, अशी ग्वाही या ओळीतून मिळते.

आणखी एक ओळ असते ‘फिक्सेस’ची. ज्या जुन्या बदलातून दोष शिरला, त्याच्या ओळखक्रमांकाची पहिली १२ अक्षरे तिथे लिहितात. त्यावरून जुन्या आवृत्त्या सांभाळणाऱ्यांना कळते, की ही दुरुस्ती कुठे कुठे पोचवायला हवी. अँड्रॉइड फोन लिनक्सच्याच गाभ्यावर चालतात. तेव्हा ही ओळ राहून गेली, तर सुरक्षेची एखादी दुरुस्ती तुमच्या खिशातल्या फोनपर्यंत यायला उशीर होऊ शकतो.

लहान गटांना एवढे नियम लागत नाहीत. ‘कन्व्हेन्शनल कमिट्स’ या नमुन्यात नव्या सोयीला ‘फीट’ आणि दुरुस्तीला ‘फिक्स’ असा शब्द सुरुवातीला लिहितात. त्यावरून नव्या आवृत्तीचा क्रमांक आणि बदलांची यादी यंत्राला तयार करता येते.

यात वेळ जातो, अशी तक्रार मी नेहमी ऐकतो. माझे सांगणे एवढेच, की नियम मोजके ठेवा, सर्वांच्या संमतीने ठरवा आणि नमुना पाळला की नाही, ही तपासणी यंत्राकडे सोपवा. मात्र कारण नीट लिहिले आहे का, हे सहकाऱ्यानेच वाचून पाहायला हवे. ते यंत्रावर सोडू नका.