मुलांना घेऊन एक रात्र शेतावर



भात कापून झालं, झोडणी उरकली, खळं मोकळं झालं. पहाटे अंगावर गोधडी ओढावीशी वाटायला लागली. अशात घरातलं एखादं सहा-सात वर्षांचं पोर मोबाईलवर तंबूत झोपलेली मुलं बघतं आणि विचारतं, "आई, आपण कधी कॅम्पिंगला जायचं?" आपण हसून सोडून देतो. एक तर आपल्याकडे कॅम्प म्हटलं की उल्हासनगरचा कॅम्प नंबर तीन नाहीतर चार डोळ्यांसमोर येतो. (दुसऱ्या महायुद्धातली ती लष्करी छावणी. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या कुटुंबांना तिथे उतरवलं, १९४९ मध्ये उल्हासनगर हे नाव पडलं, पण लोकांच्या तोंडचा 'कॅम्प' काही सुटला नाही.) आणि दुसरं म्हणजे, ज्या शेतात आपण जन्मभर राबतो तिथे मुद्दाम मजेसाठी झोपायला जायचं, हे ऐकायलाच कसंतरी वाटतं.

पण आपल्या आज्या राखणीला माळ्यावर झोपायच्या तेव्हा पोरं त्यांच्या कुशीतच असायची. आता बदलापूर-अंबरनाथच्या आजूबाजूच्या गावांत निम्म्या जमिनींवर इमारती उभ्या राहिल्या. शहरात दिलेल्या बहिणीची मुलं एका खोलीत वाढतात. आपली स्वतःचीही मुलं संध्याकाळी सातनंतर अंगणात दिसत नाहीत. म्हणून यंदा गटाच्या मासिक बैठकीत हा विषय जरूर काढा. तंबू विकत घ्यायला नको, रिसॉर्टला पैसे भरायला नकोत. एकीचं शेत, चार-पाच घरच्या बायका, त्यांची मुलं आणि एक रात्र. खर्च वर्गणी काढून करायचा, गटाच्या बचतीला हात लावायचा नाही. मजेसाठी कर्ज कशाला?

कधी जायचं, ते आधी ठरवू. नोव्हेंबर ते फेब्रुवारी. पावसाळ्यात लहान मुलांना घेऊन पाण्याच्या जागी जाऊच नये, असं माझं स्पष्ट मत आहे. कोंडेश्वरचा धबधबा आपल्याला जवळ, रिक्षाने पोचता येतं, म्हणून जुलैत सगळे तिकडे पळतात. तिथल्या कुंडात बुडून माणसं गेल्याच्या बातम्या आपण किती वेळा ऐकल्या आहेत! त्यात पोहता येणारे तरणे पोरगेही असतात. कुंडाचा तळ दिसत नाही, दगड शेवाळलेले असतात आणि वर डोंगरात पाऊस झाला की खाली लोंढा येतो.

ही शेवटची गोष्ट नीट समजून घ्या. उल्हास नदी राजमाचीच्या डोंगरात उगम पावते आणि कर्जतवरून आपल्याकडे येते. तिकडे घाटात पाऊस कोसळला आणि आपल्याकडे नुसती भुरभुर असली तरी नदी चढते. २७ जुलै २०१९ ला बदलापूर आणि वांगणीच्या मध्ये महालक्ष्मी एक्सप्रेस पुरात अडकली होती, आठवतं ना? हजारावर प्रवासी होते, होड्या आणाव्या लागल्या, नौदलाची माणसं आली. एवढी मोठी आगगाडी जिथे उभी राहते तिथे तीन वर्षांच्या लेकराचं काय! बारवी नदीचंही तसंच. धरण काठोकाठ भरलं की त्याचे दरवाजे आपोआप उघडतात, ते कुणाला विचारून उघडत नाहीत. खाली नदीपात्रात खेळणाऱ्यांना पाणी आल्यावरच कळतं.

थंडीतही पाण्याची भीती पूर्ण जात नाही. शेतात विहीर असते, शेततळं असतं, ओढ्याला डोह असतो. मी स्वतः एकदा चांगलीच हादरले आहे. आम्ही पाच बायका, अकरा मुलं, ओढ्याकाठी जेवायला बसलेलो. प्रत्येकीला वाटत होतं, दुसरी बघतेय. अचानक लक्षात आलं की चार वर्षांची एक पोर दिसत नाही. ती झुडपामागे, पाण्यापासून पाच पावलांवर, खडे गोळा करत बसली होती. दोन मिनिटांचाच खेळ, पण त्या दोन मिनिटांत काय काय मनात आलं ते सांगवत नाही. लहान मूल बुडताना ओरडत नाही, हात हलवत नाही. गुडघाभर पाण्यातही गुपचूप जातं.

त्या दिवसापासून आमचा नियम आहे. एका वेळी एकच बाई राखणीला. तिच्या गळ्यात लाल ओढणी. ओढणी आहे तोवर तिने भाकरी थापायची नाही, फोन घ्यायचा नाही, गप्पात रमायचं नाही, फक्त मुलं मोजायची. अर्ध्या तासाने ओढणी दुसरीच्या गळ्यात घालायची आणि तोंडाने सांगायचं, "अकरा आहेत, आता तू." मुलांनाही हे आवडतं, ती स्वतःहून अंक ओरडतात. विहिरीला कठडा नसेल तर ते शेत सरळ रद्द करा, दुसरीचं बघा.

आता रात्रीचं. सगळ्यात आधी मुलं पेंढ्याच्या उडवीकडे धावतात, त्यावर झोपायचं म्हणतात. नको. पेंढ्यात उंदीर येतात आणि उंदरामागे साप. आपल्याकडचे विषारी साप म्हणजे नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं. यातली मण्यार रात्री फिरते आणि जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावते. चावल्याचं फारसं दुखत नाही, खूणही कित्येकदा दिसत नाही. पहाटे मूल पोटात दुखतंय म्हणून उठतं, पापण्या मिटायला लागतात, गिळता येत नाही, आणि घरचे अपचन समजून ओवा देत बसतात. म्हणून उघड्यावर झोपताना मुलांना खाटेवर घ्या. खाटा पुरत नसतील तर जाड ताडपत्रीवर अंथरूण घाला, मच्छरदाणी लावा आणि तिच्या कडा चारही बाजूंनी अंथरुणाखाली नीट खोचा. मच्छरदाणी फक्त डासांसाठी नसते, खोचलेली असेल तर सापही आत येत नाही. अंथरूण बांध, दगडांचा ढीग, सरपण यांपासून लांब. रात्री लघवीला उठायचं तर बॅटरी हवी, पायात चप्पल हवी आणि बरोबर मोठं माणूस हवं. बारवीच्या जंगलपट्ट्याजवळची गावं असतील तर बिबट्यासाठीही हाच नियम.

तरी साप चावलाच तर कापायचं नाही, चोखायचं नाही, दोरी आवळायची नाही, भगताकडे जायचं नाही. हात किंवा पाय मोडल्यावर जशी काठी बांधतो तशी बांधून तो भाग स्थिर ठेवायचा, मुलाला चालू द्यायचं नाही आणि १०८ ला फोन करायचा. सापाला मारून बरोबर न्यायची गरज नाही. प्रतिविषाचं इंजेक्शन सरकारी रुग्णालयात मिळतं. ते तुमच्या जवळच्या कुठल्या दवाखान्यात असतं, हे आशाताईंना जायच्या आधी विचारून ठेवा.

विंचवालाही हलकं समजू नका. मोठ्या माणसाला ठणका लागतो आणि उतरतो, पण कोकणातला लाल विंचू लहान मुलाच्या काळजावर घाव घालतो. दरदरून घाम, उलट्या, हातपाय गार, हे दिसलं तर मिनिटभरही थांबू नका. महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी रक्तदाबाचं एक साधं औषध वापरून विंचूदंशाची असंख्य मुलं वाचवली. पुढे त्यांना पद्मश्री मिळाली. ते उपचार आता दवाखान्यात होतात, पण वेळेत पोचायला हवं. सकाळी मुलांच्या चपला, बूट झटकूनच घालायला द्या.

दिवसा आणखी एक बघा. बांधाला मोगली एरंडाचं कुंपण असेल तर मुलांना झाड दाखवून सांगा, याच्या बिया खायच्या नाहीत. शेंगदाण्यासारख्या गोड लागतात म्हणून मुलं वाटून खातात आणि मग उलट्या-जुलाब सुरू होतात.

एवढी भीती घातली, आता मजेकडे वळू. जानेवारीत वालाच्या शेंगा भरल्या की पोपटी लावा. रायगडकडच्यांना सांगायला नको, पण आमच्या काही नव्या सभासद घाटावरच्या आहेत, त्यांच्यासाठी सांगते. मातीच्या मडक्यात तळाला भांबुर्ड्याचा पाला, त्यावर शेंगा, जाडं मीठ, ओवा, मध्ये बटाटे, अंडी, खाणारे असतील तर मसाला लावलेली कोंबडी, वर पुन्हा पाला दाबून भरायचा. पाण्याचा थेंब घालायचा नाही. मडकं उपडं ठेवून भोवती पालापाचोळा आणि काटक्या रचून पेटवायचं. अर्ध्या-पाऊण तासाने मडक्यावर पाणी शिंपडायचं, चर्र होऊन लगेच सुकलं की झाली पोपटी. शेंगा निवडणं, पाला भरणं हे मुलांच्या हातून करून घ्या. पेटवल्यावर मात्र जमिनीवर राखेची रेघ ओढा आणि त्या रेघेच्या आत कुणी यायचं नाही. पाण्याच्या दोन बादल्या शेजारी हव्यात, कारण सुकं गवत पेटायला वेळ लागत नाही आणि वणवा एकदा डोंगराला लागला की आपल्या हातात राहत नाही. पोळलंच तर वीस मिनिटं साध्या पाण्याची धार धरा, टूथपेस्ट नको.

जेवणं झाली की दिवे बंद करा आणि मुलांना आडवं करून वर बघायला लावा. आपण जूनमध्ये "मृग लागला" म्हणतो, पण तेव्हा सूर्यच मृगात असतो, त्यामुळे ते तारे दिसतच नाहीत. दिसतात ते आत्ता, थंडीत. जानेवारीत रात्री नवाच्या सुमाराला वर बघा, एका ओळीत तीन तारे, तोच मृगाच्या पोटात घुसलेला बाण. त्या रेघेने खाली गेलं की सगळ्यात झगझगीत तारा व्याध, उलट्या बाजूला गेलं की लालसर रोहिणी आणि तिच्याही पुढे कृत्तिकांचा पुंजका. कुणाला किती कृत्तिका दिसतात याची पैज लावा. सहा दिसल्या तर डोळे चांगले. पेरणीची सगळी नक्षत्रं आपल्याला तोंडपाठ, पण वर बोट दाखवून ओळखणाऱ्या आपल्यात किती जणी निघतील?

पहाटे दव पडतं, गोधड्या वरून ओल्या होतात. म्हणून वरून एक चादर किंवा प्लॅस्टिक टाका, कानटोपी आणि कोरड्या कपड्यांचा एक जोड प्रत्येक मुलाचा वेगळ्या पिशवीत ठेवा. पिण्याचं पाणी घरून उकळून न्या. दोन वर्षांच्या आतलं मूल असेल तर पहिल्या वेळी रात्री घरी परत न्यायला कुणीतरी तयार असू दे, रडून रडून सगळ्यांची झोप मोडण्यापेक्षा ते बरं.

रात्र नकोच वाटत असेल तर दिवसभराचं करा. मुळगावच्या खंडोबाच्या पायऱ्या मुलांना मोजत चढू द्या, नाहीतर अंबरनाथचं १०६० सालचं शिवमंदिर दाखवा. त्याच्या भिंतीवरचे हत्ती शोधण्यात मुलांचा तास सहज जातो.

निघताना राखेवर पाणी ओता, हात लावून गार झाल्याची खात्री करा, प्लॅस्टिक गोळा करा आणि टेम्पोत बसायच्या आधी लाल ओढणीवालीने शेवटचं एकदा मुलं मोजावीत.