काळ्या मातीत पाया किती रुंद?

घराच्या पायाचा चर किती रुंद घ्यायचा, हे दोन गोष्टींवर ठरते: भिंतीतून खाली येणारे ओझे आणि ते पेलणारी जमीन. तेलंगणातल्या बोथच्या परिसरात ही जमीन सगळीकडे सारखी नाही. पोचेरा धबधब्यापाशी खडक उघडाच दिसतो, तर कापसाच्या शिवारात काळी माती आहे. त्यामुळे दुसऱ्याच्या घराचे माप आपल्या प्लॉटवर फक्कीने आखणे धोक्याचे असते.

नऊ इंची विटांची, दहा फूट उंच बाहेरची भिंत घ्या. दर मीटर लांबीला भिंतीचे सव्वा टन, स्लॅबच्या वाट्याचा एक टन, जोते आणि पायाच्या बांधकामाचे सव्वा टन, असे साडेतीन टन होतात. जमीन चौरस मीटरला 5 टन पेलत असेल, तर 70 सेंटिमीटर, म्हणजे सव्वादोन फुटांहून थोडी जास्त रुंदी लागते. घट्ट मुरूम 20 टन पेलतो असे धरले, तर उत्तर सात इंच येते. तेवढ्यात ना भिंत मावते, ना गवंड्याला उभे राहता येते. म्हणून तिथेही जुना ठोकताळा पाळतात: भिंतीच्या जाडीची दुप्पट आणि दोन्ही बाजूंना सहा-सहा इंच, म्हणजे अडीच फूट.

चूक होते ती आतल्या भिंतीत. दोन खोल्यांचा स्लॅब तिच्यावर टेकला, की ओझे साडेचार टनांवर जाते आणि त्याच 5 टनी जमिनीत तीन फुटांचा चर लागतो. आतलीच आहे म्हणून तिचा चर अरुंद घेतला, तर तीच आधी खचते.

काळ्या मातीत नुसती रुंदी वाढवून भागत नाही. ही माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात इतकी आक्रसते, की भेगांत हात जातो. फुगताना ती पाया वर उचलते. पाया जितका रुंद, तितका हा रेटा जास्त. खिडकीच्या कोपऱ्यातून निघणारी तिरकी भेग बहुधा याचीच खूण असते. माती किती फुगते, हे घरीही अजमावता येते. वाळवून बारीक चाळलेली माती दोन ग्लासांत सारखी घ्यावी, एकात पाणी आणि दुसऱ्यात रॉकेल ओतून ढवळावे. रॉकेलात माती फुगत नाही. दुसऱ्या दिवशी पाण्यातला थर दीडपट किंवा अधिक दिसला, तर सावध व्हावे.

खरा इलाज खोलीत आहे. चार-पाच फुटांवर मुरूम लागत असेल, तर तिथपर्यंत खणावेच. इथे पैसे वाचवू नयेत. चर बांधकामापेक्षा दोन्हीकडे सहा-आठ इंच जास्त घ्यावा आणि ती जागा उपसलेल्या काळ्या मातीने न भरता मुरुमाने भरावी, थराथराने पाणी मारून, धुमसाने ठोकून. वाळू भरली तर तिच्यात पाणी साचते. फुगणाऱ्या मातीवर न फुगणाऱ्या मातीचा दाबलेला थर कसा आवर घालतो, याचा अभ्यास आयआयटी मुंबईचे प्रा. आर. के. कट्टी यांनी केला होता.

काळी माती फारच खोल असेल, तर रुरकीच्या केंद्रीय भवन संशोधन संस्थेने विकसित केलेले, बुडाशी फुगीर असलेले खांब अभियंत्याच्या सल्ल्याने साडेतीन मीटर किंवा त्याहून खोल नेतात. मग भिंतीचे ओझे खांबांवरच्या बीमवर येते आणि रुंद चर लागत नाही. बीमखाली मात्र तीन इंचांची पोकळी सोडतात, म्हणजे पावसाळ्यात फुगलेली माती त्याला टेकत नाही.