नवख्या सोबत्यासह दोन दिवसांची पायवाट : बालाघाट परिसरातील मार्गनिवडीविषयी गैरसमज आणि वस्तुस्थिती

शनिवारी सकाळी निघून रविवारी संध्याकाळी परतायचे, अशा बेताने पाठीवर सामान घेऊन केलेल्या पदभ्रमणात एक जण सरावलेला आणि दुसरा नवखा असेल, तर मार्गाची निवड बहुधा सरावलेल्याच्या सवयीवरून होते आणि तिची किंमत मात्र नवख्याचे गुडघे चुकवतात. मराठी वाचकाची याविषयीची समजूत मुख्यतः सह्याद्रीतील किल्ल्यांच्या भटकंतीतून घडलेली आहे. वैनगंगेच्या खोऱ्यातील मध्य प्रदेशचा बालाघाट जिल्हा, शेजारचा गोंदिया जिल्हा आणि उत्तरेकडे पसरलेल्या सातपुडा-मैकल रांगा यांचे भूगोल, हवामान आणि कायदेशीर स्वरूप त्याहून इतके वेगळे आहे, की सह्याद्रीत उपयोगी पडणारे अनेक ठोकताळे येथे अपुरे ठरतात.

पहिला आणि सर्वांत महाग पडू शकणारा गैरसमज असा, की जंगल सार्वजनिक असल्यामुळे त्यात कोणीही, कोठेही चालावे आणि रात्री तंबू ठोकावा. १९५५ मध्ये राष्ट्रीय उद्यान आणि १९७३ मध्ये व्याघ्र प्रकल्प झालेल्या कान्हाचा काही भाग बालाघाट जिल्ह्यात येतो आणि त्याचे मुक्की प्रवेशद्वारही याच जिल्ह्यात आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार राष्ट्रीय उद्यानात परवान्याशिवाय प्रवेश करता येत नाही. प्रकल्पाच्या गाभा क्षेत्रात, म्हणजे वाघांसाठी अबाधित राखलेल्या आतील भागात, पर्यटकाला वाहनातूनच फिरता येते. गाभ्याभोवतीच्या बफर क्षेत्रात वनविभागाने आखून दिलेल्या निसर्गवाटांवर मार्गदर्शकासह चालण्याची सोय असते आणि नवख्या व्यक्तीसाठी ती कमीपणाची नव्हे, उलट उत्तम सुरुवात आहे. उद्यानाबाहेरचे जंगल तरी मोकळे असेल, हा तर्कही टिकत नाही, कारण १९२७ च्या भारतीय वन कायद्याने राखीव वनातील अनधिकृत प्रवेश आणि आग पेटवणे हे दोन्ही गुन्हे ठरवले आहेत. शिवाय कान्हा आणि पेंच या व्याघ्र प्रकल्पांना जोडणारा वन्यप्राण्यांचा भ्रमणमार्ग याच जिल्ह्यातून जातो. म्हणून मुक्कामाचा विचार होण्यापूर्वी उत्तर किंवा दक्षिण बालाघाट वनमंडळाच्या कार्यालयात विचारणा व्हायला हवी. लांजी आणि बैहरच्या बाजूचा दुर्गम भाग दीर्घकाळ नक्षलप्रभावित म्हणून ओळखला गेल्यामुळे स्थानिक पोलीस ठाण्याचा सल्लाही त्याच वेळी घ्यावा.

दुसरा गैरसमज उंचीचा आहे. कळसूबाई १६४६ मीटर उंच, तर बालाघाट शहर ३०० मीटरच्याही खाली आणि बैहरचे पठार त्याहून दोन-अडीचशे मीटर वर, तेव्हा येथील चाल सोपीच असणार, असे गृहीत धरले जाते. परंतु चालणाऱ्याच्या पायांना समुद्रसपाटीपासूनची उंची कळत नाही. त्यांना कळते ती एकूण चढण, म्हणजे वाटेतील सगळ्या लहानमोठ्या चढांची बेरीज. नाल्यात उतरून पुन्हा वर येणारी, साल-सागाच्या जंगलातून वळणे घेणारी वाट दहा ठिकाणी चाळीस-चाळीस मीटर चढवते, तेव्हा कोणतेही शिखर सर न करता ४०० मीटरची चढण पायाखालून जाते. भारतीय सर्वेक्षण विभागाच्या १:५०,००० प्रमाणाच्या नकाशावर ही बेरीज आधीच मांडता येते. समान उंचीची ठिकाणे जोडणाऱ्या रेषांना समोच्चरेषा म्हणतात. त्या जिथे दाटीने येतात तिथे उतार तीव्र असतो, आणि वाटेने चढताना ओलांडलेल्या रेषा मोजल्या की चढणीचा अंदाज हाती येतो.

अंतरावरून वेळ ठरवण्यासाठी गिर्यारोहक ज्या नियमाचा आधार घेतात, तो विल्यम नेस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकाने १८९२ मध्ये मांडला. दर पाच किलोमीटरला एक तास आणि दर ६०० मीटर चढणीला आणखी एक तास, असे त्याचे सर्वसाधारण रूप आहे. या नियमातच एक सापळा आहे, कारण तो सुदृढ आणि सरावलेल्या माणसाची न थांबता केलेली चाल मोजतो. सोळा किलोमीटर अंतर आणि ५०० मीटर चढण असलेल्या वाटेला नियमाने सुमारे चार तास लागतात. पाठीवर ओझे घेतलेल्या नवख्यासाठी ते दीडपट धरले, तर सहा तास होतात आणि जेवण-विश्रांतीचा दीड तास मिळवला, की साडेसात. आता यात पुण्या-मुंबईच्या वाचकाच्या ध्यानात सहसा न येणारी गोष्ट मिळवावी लागते. सबंध देशाची घड्याळे एकच वेळ दाखवत असली, तरी बालाघाट पुण्याहून सहा अंशांहून अधिक पूर्वेला आहे आणि दर अंशाला सूर्य चार मिनिटे आधी मावळतो, त्यामुळे डिसेंबरच्या मध्यास पुण्यात सहाच्या सुमारास होणारा सूर्यास्त येथे साडेपाचच्या आसपासच होतो. सकाळी दहाला निघालेली जोडी वर सांगितलेल्या वाटेवर बरोबर अंधार पडताना मुक्कामी पोहोचेल, आणि तेही काहीच बिनसले नाही तर. झाडीत अंधार त्याही आधी उतरतो.

दोन दिवसांच्या बेताबाबत सर्वाधिक उपेक्षित राहणारा मुद्दा दुसऱ्या दिवसाचा आहे. पहिल्या दिवशी ताजेतवाने असताना लांब पल्ला मारावा आणि रविवारी सावकाश परतावे, ही योजना ऐकायला शहाणपणाची वाटते, पण स्नायूंचे शरीरशास्त्र तिच्या विरोधात जाते. चढताना मांडीचे स्नायू आखडत काम करतात, तर उतरताना ते ताणले जात असतानाच शरीराचा भार रोखून धरतात. या दुसऱ्या प्रकारच्या कामाने, विशेषतः सराव नसलेल्या स्नायूंच्या तंतूंना, सूक्ष्म इजा होतात. त्यांची वेदना लगेच जाणवत नाही. ती काही तासांनी सुरू होते आणि एक ते तीन दिवसांत कळस गाठते. परिणामी शनिवारी संध्याकाळी हसतमुखाने ‘काही त्रास नाही’ असे सांगणारा नवखा सोबती अगदी खरे बोलत असतो, आणि रविवारी सकाळी त्याला उतरणीवर पाऊल टाकवत नाही, हेही तितकेच खरे असते. दम लागणे हे चढाचे दुखणे असून थांबल्यावर ते ओसरते. उतारावरची वेदना मात्र थांबल्याने जात नाही. म्हणूनच पहिल्या दिवसाची उतरण किती, हा प्रश्न एकूण किलोमीटरपेक्षा महत्त्वाचा मानला पाहिजे, आणि रविवारची वाट अशी हवी, की ती निम्म्या वेगानेही दुपारपर्यंत संपेल. निघण्यापूर्वीच्या दोन-तीन आठवड्यांत नवख्याने एखाद्या टेकडीवरून किंवा जिन्यांवरून उतरण्याचा सराव केला, तर ही वेदना लक्षणीय प्रमाणात कमी होते.

सरावलेल्याने बहुतेक ओझे उचलावे, म्हणजे दोघांची क्षमता सारखी होईल, या समजुतीत सद्भावना आहे आणि काही अंशी तथ्यही आहे. तंबू, भांडी आणि शिधा अशा सामायिक वस्तू त्याच्या सॅकमध्ये अधिक असाव्यात. सामानाचे वजन शरीराच्या वजनाच्या पाचव्या भागापलीकडे जाऊ नये, ही सर्वसाधारण मर्यादाही नवख्यासाठी खाली आणावी. मात्र स्वतःचे पाणी, विजेरी, शिट्टी, गरम कपडा आणि थोडा खाऊ प्रत्येकाच्या पाठीवर असलाच पाहिजे, कारण चुकामूक झाली तर रिकाम्या पाठीचा माणूस सर्वांत असहाय ठरतो. वेगाच्या बाबतीतही असाच एक उदार दिसणारा अन्याय घडतो: पुढे गेलेला थांबून वाट पाहतो, मागचा पोहोचताच उठतो, आणि ज्याला विश्रांतीची गरज कमी त्याला ती पूर्ण मिळून ज्याला गरज अधिक त्याला ती मिळतच नाही. नवख्याने पुढे चालणे हा यावरचा साधा आणि पुरेसा उपाय आहे.

वर्तुळाकार वाट श्रेष्ठ, आणि गेल्या वाटेने परतणे कंटाळवाणे, हा आग्रह अनुभवी मंडळींत आढळतो. वर्तुळाकार वाटेवर मध्यबिंदू ओलांडल्यावर मागे फिरण्यात काहीच लाभ उरत नाही. याउलट गेल्या वाटेनेच परतायचे असेल, तर कोणत्याही क्षणी वळता येते आणि परतीची वाट डोळ्यांखालून गेलेली असते. त्याहून सोयीचा पर्याय म्हणजे एकाच गावी मुक्काम ठेवून दोन दिवस हलक्या पाठीने दोन वेगळ्या दिशांना चालणे. बालाघाटसारख्या जिल्ह्यात याला रात्रीची कारणेही आहेत. वाघांचा आणि उन्हाळ्यातील झळांचा हा मुलूख म्हणून येथे थंडी नसेल असे मानले जाते, पण डिसेंबर-जानेवारीत कान्हाच्या कुरणांवर पहाटे दहिवर गोठते. मण्यार रात्री जमिनीवर झोपलेल्यांना दंश करते आणि तो दंश अनेकदा जाणवतही नाही. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चौघांच्या विषावरचे प्रतिविष रुग्णालयातच मिळते, म्हणून मुक्कामापासून बैहर किंवा बालाघाटच्या रुग्णालयापर्यंत वाहन किती वेळात पोहोचेल, हा मार्गनिवडीचाच निकष आहे. परिसर मलेरियाप्रवण राहिलेला असल्याने खाट आणि मच्छरदाणी यांचे मोल तंबूपेक्षा अधिक.

भीती वाघाची आणि धोका मात्र अस्वलाचा, अशी येथील प्राण्यांबाबतची स्थिती आहे. मार्च-एप्रिलमध्ये मोहाची फुले गळतात, ती वेचायला पहाटे गावकरी जंगलात शिरतात आणि त्याच फुलांसाठी अस्वलेही येतात. अचानक समोरासमोर आलेले अस्वल पळण्याऐवजी हल्ला करते. त्यामुळे या काळात पहाटेची चाल टाळावी, आणि पावसाळ्यात नाल्यांना अकस्मात येणाऱ्या पुरामुळे धबधब्यांचा मोहही आवरावा. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हाच येथील पायी चालण्याचा खरा हंगाम.

या निकषांवर उतरणारी ठिकाणे दूर नाहीत. बालाघाट शहराजवळचा गांगुलपाऱ्याचा तलाव आणि धबधब्याचा परिसर एका दिवसाच्या चाचणीस पुरेसा आहे. तेथे सॅक कोठे घासते आणि बूट कोठे चावतो, हे घराजवळच कळते. गोंदिया जिल्ह्याच्या सालेकसा तालुक्यातील कचारगड हे त्यानंतरचे योग्य पाऊल ठरते. मुंबई-हावडा लोहमार्गावरील दरेकसा स्थानकामुळे तेथे पोहोचणे आणि गरज पडल्यास लवकर परतणे सुलभ होते, जवळच हाजरा धबधबा आहे, आणि धनेगावातून वर जाणारी वाट एका विशाल नैसर्गिक गुहेकडे नेते. ही गुहा गोंड समाजाचे श्रद्धास्थान असून माघ पौर्णिमेला तेथे मोठी यात्रा भरते. त्या दिवसांत केवळ भटकंतीसाठी जाऊ नये, आणि एरवीही देवस्थानी पाळायची शिस्त पाळावी.

अधिक उंचीची ओढ असलेल्यांसाठी पचमढी आहे, जिथे १३५० मीटरच्या आसपासचे धूपगड हे सातपुड्यातील सर्वोच्च शिखर आहे. तेथील चौरागडावर महाशिवरात्रीला आणि नागद्वारीला नागपंचमीच्या सुमारास, वर्षातून मोजकेच दिवस खुल्या होणाऱ्या वाटेने, विदर्भातील शेतकरी कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या जात आली आहेत, आणि त्यांत आजी-नातू एकाच चालीत असतात. असमान क्षमतेच्या माणसांनी एकत्र डोंगर चढण्याची इतकी जुनी आणि समृद्ध परंपरा जवळ असताना नव्या पदभ्रमणाने तिच्याकडे दुर्लक्ष करावे, हे खेदाचे आहे.

मार्ग ठरल्यावर उरतो तो निर्णयाचा अधिकार. अनुभवी व्यक्तीनेच सगळे ठरवावे, या समजुतीमुळे नवखा सोबती पायाला फोड आल्याचे सांगत नाही, कारण बेत आपल्यामुळे बिघडला असे त्याला दुसऱ्याला वाटू द्यायचे नसते. निघण्यापूर्वीच परत फिरण्याची वेळ दोघांनी मिळून ठरवावी, ती मुक्कामाच्या घरी आणि गावातील एका जबाबदार व्यक्तीला कळवावी, रुग्णवाहिकेचा १०८ हा क्रमांक कोणत्या टेकडीवरून लागतो ते गावकऱ्यांकडून विचारून घ्यावे, आणि कारण न देता थांबण्याचा हक्क नवख्याला आधीच स्पष्ट शब्दांत द्यावा.