सुरवंटासारखं केंद्रक, पण कूळ कोणतं?

हृदयाच्या आत : भाग ६

गेल्या भागात हृदयस्नायूच्या पेशी पाहिल्या. हृदयाच्या आकारमानात सिंहाचा वाटा त्यांचाच. पण मोजदाद केली, तर त्या निम्म्याही भरत नाहीत. २०२० साली ‘नेचर’मध्ये मानवी हृदयाचा पेशी-नकाशा प्रसिद्ध झाला. त्यासाठी १४ दात्यांच्या हृदयांतल्या सुमारे पाच लाख पेशी आणि केंद्रकं तपासली होती. स्नायूपेशींचं प्रमाण जवनिकांत सुमारे ४९ टक्के आणि कर्णिकांत ३० टक्के निघालं. मग उरलेल्या पेशी कोणाच्या?

स्नायूतंतूंच्या मधल्या फटींत बरीच वस्ती आहे. केशवाहिन्यांना आतून अस्तर लावणाऱ्या एंडोथेलियल पेशी, त्याच वाहिन्यांना बाहेरून बिलगलेल्या पेरिसाइट, कोलॅजन तयार करणाऱ्या फायब्रोब्लास्ट, शिवाय प्रतिकारशक्तीच्या मॅक्रोफेज आणि मास्ट पेशी. नावं पाठ करणं सोपं आहे, काचपट्टीवर त्या ओळखणं अवघड. हिमॅटॉक्सिलिन-इओसिनने रंगवलेल्या छेदात स्नायूचे गुलाबी पट्टे दिसतात आणि त्यांच्या मधे लांबट, बारीक, जांभळी केंद्रकं. असं केंद्रक फायब्रोब्लास्टचं असू शकतं, एंडोथेलियल पेशीचं असू शकतं, पेरिसाइटचंही.

म्हणून आधी जागा बघायची. केंद्रकाला लागून पोकळी आहे आणि तिच्यात एखादी तांबडी रक्तपेशी अडकलेली दिसते, तर ती पेशी बहुधा वाहिनीच्या अस्तराची. मग रंग बदलायचा. टोल्युइडिन ब्लूने बाकीचं सगळं निळं होतं, पण मास्ट पेशीतले दाणे जांभळट उठून दिसतात. त्यानंतर प्रतिपिंडं वापरून प्रथिनांच्या खुणा शोधायच्या : एंडोथेलियल पेशीसाठी सीडी ३१, मॅक्रोफेजसाठी सीडी ६८, फायब्रोब्लास्टसाठी पीडीजीएफआर-अल्फा. व्हिमेंटिनसारखं प्रथिन मात्र यातल्या बहुतेकांत सापडतं. ते मिळालं म्हणून निवाडा होत नाही.

एकाच खुणेवर विसंबलं की काय होतं, याचं नामी उदाहरण ऱ्हुमॅटिक तापाने आजारलेल्या हृदयात आहे. १९०४ साली लुडविग आशॉफ यांनी अशा हृदयाच्या स्नायूंमध्ये, बहुधा वाहिन्यांच्या आसपास, बारीक गाठी असल्याचं दाखवलं. या गाठींत एक चमत्कारिक पेशी असते. तिच्या केंद्रकातलं क्रोमॅटिन मधोमध नागमोडी पट्टीसारखं गोळा झालेलं असतं आणि पट्टीच्या दोन्ही बाजूंना बारीक काटे फुटलेले असतात. उभ्या छेदात हुबेहूब सुरवंट, आडव्या छेदात घुबडाचा डोळा. सशांना कोलेस्टेरॉल खाऊ घालून १९१३ साली धमनीविकाराचं कोडं उलगडू पाहणारे रशियन शास्त्रज्ञ निकोलाय अनिच्कोव, त्यांचंच नाव या पेशीला मिळालं.

ही पेशी बराच काळ स्नायूपेशींच्या कुळात धरली जात होती. प्रतिपिंडं हाती आल्यावर चित्र पालटलं. आशॉफच्या गाठींतल्या या पेशींत स्नायूंची प्रथिनं सापडली नाहीत, सापडल्या त्या मॅक्रोफेजच्या खुणा. शिवाय सुरवंटासारखं केंद्रक ऱ्हुमॅटिक तापाव्यतिरिक्तही आढळतं. आज ही पेशी चेतवलेला मॅक्रोफेज मानली जाते. रूप, जागा, प्रथिनं आणि काम या चारही गोष्टी जुळल्या, तरच कूळ पक्कं करावं.

रोमानियाच्या पोपेस्कू यांनी २०१० साली नाव दिलेल्या टेलोसाइट या पेशीच्या कुळाचा खटला मात्र अजून चालूच आहे. तिला मण्यांच्या माळेसारखे लांबच लांब धागे असतात, ते इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकात दिसतात. पण तिच्या प्रथिनांच्या खुणा फायब्रोब्लास्टशी इतक्या मिळत्याजुळत्या आहेत, की तिला स्वतंत्र प्रकार मानावं का, यावर एकमत नाही.

आशॉफच्या गाठी पाहायला मिळतात त्या शस्त्रक्रियेत काढलेल्या तुकड्यात किंवा शवविच्छेदनात. पण ऱ्हुमॅटिक तापाची सुरुवात होते ती स्ट्रेप्टोकॉकस जिवाणूच्या घसादुखीतून, म्हणून आईबापांना इतकी वाट पाहायची गरज नाही. ५ ते १५ वर्षांच्या मुलाचा घसा दुखून ताप आला, तर नुसत्या मीठ-पाण्याच्या गुळण्यांवर भागवू नये. घसादुखीनंतर दोन-तीन आठवड्यांनी आज गुडघा, उद्या घोटा असे सांधे सुजू लागले, तर थेट डॉक्टर गाठावा. स्ट्रेप्टोकॉकसच्या घसादुखीवर वेळेत पेनिसिलिन मिळालं, तर त्या गाठी बनण्याची वेळच सहसा येत नाही.

पुढच्या भागात : फायब्रोब्लास्ट जखम भरून काढताना हृदय ताठर कसं करून ठेवतात?