बिबवेवाडीचं पाणी, कुंभारगावचे रोहित

पहाटे साडेचारला पुण्यातली बिबवेवाडी सोडली, की उजाडायच्या सुमारास भिगवण येतं. सोलापूर रस्त्याने शंभरेक किलोमीटर. आपल्या न्हाणीघरातलं पाणी मात्र कायम त्याच वाटेवर असतं. मुठेत, मुळा-मुठेतून भीमेत आणि शेवटी उजनीच्या फुगवट्यात. भिगवण, डिकसळ, कुंभारगाव ही गावं याच फुगवट्याच्या काठावर आहेत.

उजनी धरण १९८० साली पूर्ण झालं आणि भीमाकाठची कसदार जमीन गावांसकट पाण्याखाली गेली. पळसदेवचं जुनं देऊळही बुडालं. पाणी खूप ओसरलं तरच ते दिसतं. शेती गेली, मासेमारी वाढली. पुढे जाळं टाकणाऱ्यांना एका पाहुण्याने जोडधंदा दिला: रोहित, म्हणजे फ्लेमिंगो.

जगाच्या हिशेबात मोठा रोहित दुर्मीळ नाही. पण पुण्याच्या इतक्या जवळ तो थव्याने दिसावा, हे अप्रूपच. हिवाळा सरताना जलाशय आटू लागतो, काठाचा चिखल उघडा पडतो आणि उथळ पाण्यात त्याचं ताट मांडलं जातं. चोच उलटी बुडवायची, जिभेने पाणी आत-बाहेर ढकलायचं आणि चोचीच्या चाळणीत अडकलेले बारीक जीव, अळ्या, शेवाळ गिळायचं. पंखांचा गुलाबी रंगही या खाण्यातूनच येतो. धरण काठोकाठ भरलेलं असेल तर थवे पांगतात, म्हणून फेब्रुवारी-मार्चमध्ये गेलेलं बरं.

कुंभारगावात आता मासेमारी करणारेच होडीतून पक्षी दाखवतात. हिमालय ओलांडून आलेला पट्टकदंब, मासा पकडायला सूर मारणारा कैकर, काठावरचे चित्रबलाक ते लांबूनच ओळखतात. घरोघरी मुक्कामाची सोय होते, चुलीवर माशाचा रस्सा आणि भाकरी होते. होडी, जेवण, मुक्काम, सगळ्याचा पैसा गावात राहतो. ज्या पाण्याने जमीन नेली, त्याच पाण्यावर चार घरांची चूल पेटते. नुकसानभरपाई म्हणावी इतकं हे नाही, पण थोडंही नाही.

खरी मेख सांडपाण्यात आहे. शहराच्या मैल्यातली पोषकद्रव्यं शेवाळ वाढवतात. प्रमाणात असेल तोवर ठीक. अति झालं की पाणी हिरवंगार होतं, प्राणवायू घटतो, मासे तगत नाहीत. मग नुकसान होडीवाल्याचं आणि पक्ष्याचंही. पुण्याने आपलं पाणी शुद्ध करूनच नदीत सोडावं, ही मागणी एकट्या पर्यावरणवाल्यांची नाही. ती कुंभारगावच्या पोटापाण्याची आहे.

तेव्हा जरूर जा, ठरलेलं भाडं घासाघीस न करता द्या. आणि फोटोसाठी थवा उडवायला होडीवाल्याला सांगू नका. दर उड्डाणाला पक्ष्याची शक्ती खर्ची पडते, आणि सारखा त्रास झाला तर तो दुसरा काठ धरतो.