खेळाच्या वार्तेची पारख

क्रीडांगणावर चेंडू एकच असतो. त्याची वार्ता सांगणारे मात्र असंख्य असतात. पूर्वी वृत्तपत्राचा एखादा रकाना किंवा नभोवाणीवरील धावते वर्णन एवढ्यावर क्रीडारसिकाची भूक भागत असे. आज इंटरनेटमुळे सामना संपण्यापूर्वीच त्यावरील मते आपल्यापुढे येऊन थडकतात. यांतील काय ग्राह्य मानावे, हा प्रश्न म्हणूनच महत्त्वाचा झाला आहे. त्याचा विचार एका उदाहरणाच्या आधारे करू.

अमेरिकेत दरवर्षी मार्च-एप्रिलमध्ये महाविद्यालयीन बास्केटबॉलची राष्ट्रीय स्पर्धा होते. पुरुषांची स्पर्धा 1939 मध्ये अवघ्या आठ संघांनिशी सुरू झाली. 1985 मध्ये संघांची संख्या 64 आणि 2011 मध्ये 68 झाली. एकदा हरला की संघ बाद, असा नियम असल्याने उत्कंठा शिगेला पोहोचते. ‘मार्च मॅडनेस’, म्हणजे मार्चमधील उन्माद, हे तिचे लोकप्रिय नाव सार्थच म्हणावयाचे. परंतु उन्मादाचे वर्णन करणाऱ्याने स्वतः उन्मत्त होऊन चालत नाही.

वार्तेची पहिली कसोटी अशी, की ती केवळ आश्चर्य व्यक्त करते की कारणही सांगते? 2018 मध्ये मेरीलँड विद्यापीठाच्या बाल्टिमोर काउंटी शाखेच्या संघाने व्हर्जिनिया विद्यापीठाच्या संघाला 74-54 असे हरविले. 1985 पासून पहिल्या मानांकनाचे संघ सोळाव्या मानांकनाच्या संघांविरुद्ध 135 सामने खेळले होते आणि सर्व जिंकले होते. साहजिकच ‘चमत्कार’ हा शब्द सर्वतोमुखी झाला. पण मध्यंतरास दोन्ही संघ 21-21 असे बरोबरीत होते; विजेत्यांनी तीन गुणांचे 24 पैकी 12 नेम साधले, तर व्हर्जिनियाला 22 पैकी चारच साधले; शिवाय व्हर्जिनियाचा एक प्रमुख खेळाडू दुखापतीमुळे खेळत नव्हता. हे ज्याने सांगितले, त्याने वाचकाला खेळ समजावून दिला. व्हर्जिनियाचे कायमचे हसे झाले असे म्हणणाऱ्यांची घाई तर पुढच्याच वर्षी उघडी पडली. 2019 चे विजेतेपद त्याच संघाने पटकाविले.

दुसरी कसोटी प्रमाणाची. कोणाविषयी किती बोलले जाते, याइतकेच कोणाविषयी बोललेच जात नाही, हेही पाहावे लागते. 2021 मध्ये पुरुषांची स्पर्धा इंडियाना राज्यात, तर महिलांची टेक्सास राज्यात भरली होती. पुरुषांसाठी सुसज्ज व्यायामशाळा होती. महिलांच्या वाट्याला हाती धरावयाच्या वजनांची एक छोटी मांडणी आणि काही चटया आल्या. जागा अपुरी असल्याचे कारण पुढे येताच ओरेगॉन विद्यापीठाच्या एका खेळाडूने चित्रफीत काढून तेथील भरपूर रिकामी जागाच जगाला दाखविली. अर्ध्या मिनिटाच्या त्या चित्रफितीने जे घडविले, ते अनेक वर्षांच्या स्तुतिलेखांना साधले नव्हते. चौकशी झाली. ‘मार्च मॅडनेस’ हे नाव त्या वर्षापर्यंत पुरुषांच्याच स्पर्धेसाठी वापरले जाई. 2022 पासून ते महिलांच्या स्पर्धेलाही मिळाले आणि तिच्यातील संघही 68 झाले.

महिलांचे सामने पाहणार कोण, असे पूर्वी विचारले जाई. पण जे दाखविलेच नाही, ते लोकांनी पाहिले नाही असे म्हणणे हा कोठला न्याय? 2024 मध्ये साउथ कॅरोलायना आणि आयोवा यांच्यातील महिलांचा अंतिम सामना अमेरिकेत सरासरी 1 कोटी 89 लाख लोकांनी पाहिला. त्याच वर्षीच्या पुरुषांच्या अंतिम सामन्याचे प्रेक्षक सुमारे 1 कोटी 48 लाख होते. वार्ता केवळ लोकप्रियतेचे प्रतिबिंब दाखवीत नाही, ती लोकप्रियता घडवितेही.

तिसरी कसोटी हितसंबंधांची. प्रक्षेपणाचे हक्क ज्याने प्रचंड रकमेस विकत घेतले, तो आपल्या मालाचे दोष कितपत दाखवील? 2018 मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयाने राज्यांना क्रीडाजुगार वैध करण्याची मोकळीक दिली. तेव्हापासून सामन्याच्या वार्तेशेजारीच पैजेचे भाव झळकू लागले. विशीतल्या विद्यार्थ्याचा हुकलेला नेम हा मग कोणाच्या तरी बुडालेल्या पैशाचा हिशेब ठरतो आणि शिव्याशापांचा वर्षाव त्याच्यावर होतो. एकेका खेळाडूच्या कामगिरीवर लागणाऱ्या पैजा बंद कराव्यात, अशी मागणी खुद्द स्पर्धा भरविणाऱ्या संघटनेच्या अध्यक्षांनी 2024 मध्ये केली, ती यासाठीच.

म्हणून खेळाची बातमी वाचताना तीन प्रश्न मनाशी विचारावेत: हिने कारण सांगितले काय? कोणाला वगळले काय? आणि हिच्या सांगण्यात कोणाचा लाभ आहे? या प्रश्नांना उतरणारी वार्ता साधीसुधी असली तरी जवळ करावी. पंचाने निःपक्षपाती असावे अशी अपेक्षा आपण नेहमीच करतो; सामन्याची हकिकत सांगणाराही एका अर्थी पंचच असतो, आणि त्याच्यावर नजर ठेवण्याचे काम मात्र वाचकाचे आहे.